आधी विसरवही, मग उपाय

रोजच्या विसराळूपणावर काही करायचं असेल, तर पहिले दोन आठवडे उपाय करू नका, फक्त लिहा. ज्येष्ठांच्या गटात आम्ही सुरुवात इथूनच करतो. खिशात मावेल अशी छोटी वही, तिला दोऱ्याने बांधलेलं पेन आणि पानावर चार रकाने: काय विसरलं, किती वाजता, त्या वेळी दुसरं काय चाललं होतं, आणि नंतर आपलं आपल्याला आठवलं की कुणी सांगावं लागलं. वहीला सगळे विसरवहीच म्हणतात.

तिसरा रकाना भरताना लोक कंटाळा करतात. ‘नेहमीचंच काम’ असं लिहून भागत नाही. बहिणीचा फोन चालू होता, कुरिअरवाला दारात होता, रात्री झोप झाली नव्हती, असं नेमकं लिहावं लागतं. वही रात्री अंथरुणावर बसून भरायची नाही, कारण दिवसभरात काय विसरलं हेही तोवर विसरलेलं असतं. जिथल्या तिथे दोन ओळी. घरातल्या दुसऱ्या माणसाने लक्षात आलेली नोंद वेगळ्या शाईने त्याच वहीत करायची. दोन शाईंच्या नोंदी जुळतात की नाही, याला पुढे फार महत्त्व येतं.

दोन आठवड्यांनी वही वाचली की ‘माझी स्मरणशक्तीच गेली’ या एका तक्रारीच्या जागी चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी दिसतात. चष्मा, चावी, मोबाइल कुठे ठेवला, या नोंदी बहुतेक वह्यांत सगळ्यात जास्त. इथे स्मरणशक्तीचा दोष कमीच असतो. चावी ठेवताना लक्ष फोनवर होतं, त्यामुळे जागा मनात शिरलीच नाही. शिरलीच नाही ती आठवणार कुठून? दुसरा प्रकार वेळेवर करायच्या कामांचा: काय करायचं ते पक्कं ठाऊक असतं, पण नेमकी वेळ निघून जाते. तिसरा, नाव किंवा शब्द ओठांवर येऊन अडतो. चौथा, नुकतंच ऐकलेलं-वाचलेलं टिकत नाही. पाचवा प्रकार निराळा आणि गंभीर आहे, त्याबद्दल शेवटी. प्रत्येकाचं कारण वेगळं, म्हणून इलाजही वेगळा. सगळ्यांवर एकच उपाय म्हणून बदाम, ब्राह्मी नाहीतर शब्दकोडी सुरू केली की फरक पडत नाही, तो यामुळेच.

चावीचं आधी उरकू. दाराच्या आतल्या बाजूला, खांद्याच्या उंचीवर, आणखी एकही पाऊल न टाकता हात पोचेल अशी खुंटी लावायची. टेबलावरची वाटी किंवा ट्रे चालत नाही, त्यावर वर्तमानपत्र आणि बिलं येऊन पडतात. चष्म्याला गळ्यात अडकवायची दोरी. एखादी वस्तू नेहमीच्या जागेबाहेर ठेवावीच लागली तर मोठ्याने म्हणायचं, ‘पासबुक फ्रीजवर ठेवलं.’ मनात म्हटलेल्यापेक्षा तोंडाने म्हटलेलं जास्त टिकतं, आणि बोलण्यासाठी क्षणभर थांबावं लागतं, तेव्हाच लक्ष त्या वस्तूकडे वळतं.

एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जावं आणि ‘कशाला आले होते?’ असं व्हावं, याची लोकांना उगाच धास्ती वाटते. अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठात गॅब्रिएल रॅडवॅन्स्की यांनी २०११मध्ये प्रयोगातून दाखवलं की दार ओलांडलं की तरुण विद्यार्थ्यांचीही आधीच्या खोलीतली आठवण कमी होते. मेंदू एक प्रसंग मिटवून दुसरा उघडतो. परत मूळ खोलीत जाऊनही त्या प्रयोगात फायदा दिसला नाही. उठण्याआधी ‘कात्री’ एवढा एक शब्द उच्चारून मग पाऊल उचलणं जास्त कामाचं.

‘कुलूप लावलं का?’ ही शंका मात्र वेगळ्या कारणाने येते. कुलूप रोज त्याच पद्धतीने लावलं जातं, त्यामुळे आजचं लावणं आणि कालचं लावणं एकमेकांत मिसळून जातं. परत जाऊन हिसका देऊन पाहिलं की तेवढ्यापुरतं समाधान होतं, पण ही सवय वाढते. नेदरलँड्समध्ये २००३मध्ये मार्सेल व्हान डेन हाउट आणि मेरेल किंट यांनी दाखवलं की तीच गोष्ट पुन्हापुन्हा तपासल्याने तिची आठवण फिकी होते आणि तिच्यावरचा विश्वासही उडतो. म्हणून एकदाच तपासायचं, पण त्या क्षणावर त्या दिवसाची खूण ठेवायची. किल्ली फिरवताना म्हणायचं, ‘मंगळवार, गवारीची भाजी, कुलूप लावलं.’ बसस्टॉपवर शंका आली की गवार आठवते आणि तिच्यामागोमाग कुलूप.

आता वेळेवर करायच्या कामांकडे. खरा धोका इथेच आहे, म्हणून इथे वेळ द्यावा लागतो. गॅसवर दूध ठेवून माणूस बाहेरच्या खोलीत येतो आणि टीव्हीपुढे बसतो. एक लिटर दूध मध्यम आचेवर उतू यायला साधारण ८ ते १० मिनिटं लागतात, भांड्या-शेगडीप्रमाणे थोडं मागेपुढे. उतू गेलेल्या दुधाने बर्नर विझतो, शेगडीची खुंटी चालूच राहते आणि घरात गॅस भरतो. सगळ्यात चांगला नियम म्हणजे गॅस चालू असेपर्यंत ओट्यापासून हलायचं नाही, पण हा नियम कुणाच्याच घरी पूर्ण पाळला जात नाही. बाहेर यावंच लागलं तर हातात पळी घेऊन यायचं. पळी हातात असताना सोफ्यावर निवांत बसता येत नाही, आणि ती खाली ठेवायला जागा शोधताना दूध आठवतं.

जोडीला टायमर. मोबाइलचा गजर यासाठी वाईट, कारण फोनवर बोलता बोलता तो अंगठ्याने बंद होतो आणि ‘हे संपलं की बघते’ म्हणताना विषय निघून जातो. दोरी लावून गळ्यात घालायचा स्वयंपाकघरातला साधा टायमर घ्यावा आणि दुधासाठी ६ मिनिटं लावावा, ९ नव्हे. नियम एकच: शेगडीच्या खुंटीवर एक हात ठेवल्याशिवाय दुसऱ्या हाताने गजर बंद करायचा नाही. गजर वाजला तरी काम राहून जातं, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं की गजर एका खोलीत बंद केला आणि काम दुसऱ्या खोलीत होतं. ज्यांच्या वहीत गॅसची नोंद दोनदा आली, त्यांच्याकडे आम्ही दुधापुरती टायमरची इंडक्शन शेगडी सुचवतो. ती वेळ झाली की आपोआप बंद होते.

गोळ्यांचं काम याहून किचकट. आठवड्याचे ७ दिवस आणि दिवसाचे ४ कप्पे असा २८ कप्प्यांचा डबा औषधांच्या दुकानात मिळतो. डबा भरायचा वार ठरलेला असावा, भरताना टीव्ही आणि फोन बंद असावेत, आणि भरून झाल्यावर दुसऱ्या माणसाने डॉक्टरांच्या चिठ्ठीशी ताडून पाहावं. भरतानाची एक चूक आठवडाभर चालू राहते, म्हणून ही दुसरी नजर हवीच. काही गोळ्या दमट हवेत खराब होतात. पाकिटावर तशी सूचना असेल तर पट्टीचा तेवढा तुकडा कापून, गोळी फॉइलमध्येच ठेवून कप्प्यात टाकायचा. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घ्यायची असते, म्हणून ती बाकीच्यांच्या डब्यात न ठेवता उशाशी, पाण्याच्या भांड्याजवळ ठेवावी. मेथोट्रेक्सेट ही संधिवाताची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकतं. ती डब्यातल्या एकाच वाराच्या कप्प्यात ठेवावी, उरलेली पट्टी घरातल्या दुसऱ्या माणसाने सांभाळावी.

डबा भरला तरी गोळी घ्यायची आठवण कोण करणार? इथे ‘जेव्हा-तेव्हा’चं वाक्य कामी येतं. ‘रात्री गोळी घ्यायची’ हा निश्चय टिकत नाही, कारण रात्र म्हणजे नेमकं काय ते ठरलेलं नसतं. ‘जेव्हा जेवणाचं ताट घासायला ठेवीन, तेव्हा ओट्यावरचा डबा उघडीन’ हे टिकतं. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९९मध्ये याच प्रकारच्या नियोजनाची मांडणी केली. वाक्य लिहायचं, मोठ्याने तीनदा म्हणायचं, डोळे मिटून ताट ठेवणं आणि डबा उघडणं लागोपाठ मनात पाहायचं. खूण म्हणून रोज नक्की घडणारी क्रियाच निवडावी. ‘मालिका संपल्यावर’ ही खूण चालत नाही, रविवारी मालिका नसते. आणि गोळी घेतली का याचा संशय आला, कप्पा रिकामा की भरलेला हे कळत नसेल, तर पुन्हा गोळी घ्यायची नाही. दुहेरी मात्रा चुकलेल्या मात्रेपेक्षा बहुधा जास्त घातक असते. साखरेची, रक्तदाबाची किंवा रक्त पातळ करणारी गोळी असेल तर डॉक्टरांना फोन करून विचारावं.

बाकी कामांना आपल्याकडे जुनी सोय आहेच. भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकटीत दुधाचे आणि कामवाल्या मावशींचे खाडे लिहिले जातात, त्याच चौकटीत वीजबिल आणि डॉक्टरांची तारीख लिहावी. पण एकाच जागी. कॅलेंडर, डायरी आणि मोबाइल अशा तीन जागी लिहिणाऱ्यांच्या तारखा जास्त चुकतात, हे आम्ही वह्यांमध्ये पुन्हापुन्हा पाहतो. पदराला गाठ मारायची जुनी रीतही वाईट नाही. गाठ इतकंच सांगते की काहीतरी आहे, काय आहे ते सांगत नाही, म्हणून एका वेळी एकाच कामासाठी.

नावं अडण्याबद्दल लोक फार हळवे असतात. एखाद्याचं आडनाव सुतार आहे हे विसरतं, पण तो सुतारकाम करतो हे आठवतं. कारण उघड आहे: कामाला रंधा, भुसा, लाकडाचा वास असं बरंच काही चिकटलेलं असतं, आडनावाला काहीच चिकटलेलं नसतं. मग ते आपण चिकटवायचं. नवं नाव ऐकलं की लगेच संबोधनात वापरायचं, ‘या ना, सुतारकाका.’ मग न बघता, न विचारता एका मिनिटाने आठवायचं, पाच मिनिटांनी, निघताना, रात्री झोपताना, दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, आठवड्याने. अंतर वाढवत न्यायचं. एखाद्या वेळी आठवलं नाही तर नाव बघून घ्यायचं आणि मागच्या अंतरावर परत यायचं. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेरमान एबिंगहाउस यांनी स्वतःवर केलेल्या आणि १८८५मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून विसरण्याचा वेग मोजला होता. सुरुवातीच्या काही तासांत विसरणं झपाट्याने होतं आणि नंतर मंदावतं. म्हणूनच पहिल्या उजळण्या जवळजवळ ठेवायच्या. आणि नाव असो की वाचलेलं, उजळणी म्हणजे पुन्हा वाचणं नव्हे, झाकून आठवणं. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६मधल्या प्रयोगात आठवड्यानंतर जास्त टिकलं ते झाकून आठवणाऱ्यांचं. पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांना मात्र आपल्याला जास्त येतं असं वाटत होतं.

शब्द ओठांवर अडला तर किती वेळ झगडायचं? थोडाच. क, ख, ग अशी अक्षरं एकदा मनात फिरवून पाहायची, नाहीच आलं तर विचारून किंवा शोधून घ्यायचं. कॅनडातल्या एका अभ्यासात २००८मध्ये आढळलं की माणूस जितका जास्त वेळ अडकून राहतो, तितका तो पुढच्या वेळी त्याच शब्दावर पुन्हा अडकण्याची शक्यता वाढते. मेंदू अडकण्याचीच वाट पाठ करतो. शब्द मिळाल्यावर तो दोन-तीनदा मोठ्याने म्हणायचा, ही पायरी गाळायची नाही.

हे सगळं करूनही वही भरतच राहिली तर शरीराकडे वळायचं. आमच्या मते हे खरं तर आधीच तपासायला हवं, पण लोक ते ऐकतात वही पाहिल्यावर. पहिलं, जीवनसत्त्व बी १२. शाकाहारी घरांत, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन कैक वर्षं घेणाऱ्यांत आणि पित्तासाठी रोज पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल घेणाऱ्यांत ते कमी पडतं. रक्तात प्रति मिलिलिटर २०० पिकोग्रॅमपेक्षा कमी म्हणजे साधारणपणे कमतरता धरतात. त्याच्या किंचित वरचा आकडाही निर्धास्त राहण्यासारखा नसतो, विशेषतः तळपायांना मुंग्या येत असतील तर. इंजेक्शन किंवा गोळ्या सुरू करण्याआधीच तपासणी करावी. नंतर आकडा वर जातो आणि मूळ परिस्थिती कळत नाही. मनाने नुसतं फॉलिक अ‍ॅसिड घेऊ नये, त्याने रक्तक्षय सुधारलेला दिसतो आणि नसांची हानी आतल्या आत चालू राहू शकते. सोबत टीएसएच (थायरॉइडची तपासणी), हिमोग्लोबिन, साखर आणि सोडियम पाहून घ्यावं.

दुसरं, औषधं. सर्दीच्या अनेक गोळ्यांतलं क्लोरफेनिरामाइन, लघवीच्या घाईवरचं ऑक्सिब्युटिनिन, दुखण्यासाठी रात्री दिलेलं अ‍ॅमिट्रिप्टिलिन, झोपेसाठीचं अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम, ही सगळी वयस्कर माणसाची स्मरणशक्ती मंद करू शकतात. झोपेची गोळी एका रात्रीत थांबवायची मात्र नाही. बरीच वर्षं घेतलेली असेल तर अचानक थांबवल्याने झटके येऊ शकतात, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावी लागते. तिसरं, झोप. दिवसभरात शिकलेलं झोपेत पक्कं होतं. मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास अडकणं आणि दिवसा पेंग येणं असेल तर झोपेची तपासणी हवी. चौथं, कान. अर्धवट ऐकलेलं विसरलं जात नाही, ते पोचलेलंच नसतं. आधी कानातला मळ काढून घ्यावा, मग श्रवण चाचणी. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४मध्ये स्मृतिभ्रंशाशी निगडित असे १४ बदलता येण्याजोगे धोके मांडले, त्यांत बहिरेपण आहे, रक्तदाब, मधुमेह आणि एकटेपणा आहे, आणि त्या वर्षी नव्याने जोडलेली कमी दृष्टीही आहे. मोतीबिंदू पिकायची वाट पाहत बसणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं.

बुद्धी तल्लख ठेवण्यासाठी काय करावं, हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. ज्या गोष्टीचा सराव करता ती सुधारते, दुसऱ्या गोष्टींत तो फायदा फारसा उतरत नाही. अमेरिकेतल्या अ‍ॅक्टिव्ह नावाच्या चाचणीत ६५ वर्षांवरच्या २८३२ जणांना वेगवेगळं प्रशिक्षण दिलं. २००२च्या निष्कर्षांत प्रत्येक गट आपापल्या कौशल्यात सुधारला, रोजच्या कामांत त्या वेळी फरक दिसला नाही. मेंदूच्या खेळांचं अ‍ॅप विकणाऱ्या लुमॉसिटीला २०१६मध्ये तिथल्या व्यापार आयोगाच्या कारवाईनंतर २० लाख डॉलर भरावे लागले, कारण जाहिरातीतल्या दाव्यांना पुरेसा आधार नव्हता. शब्दकोडी आनंदासाठी जरूर सोडवावीत.

फायदा दिसतो तो नव्या आणि अवघड गोष्टीत, भरपूर वेळ घातल्यावर. मानसशास्त्रज्ञ डेनिस पार्क यांच्या २०१४मधल्या अभ्यासात ६० वर्षांवरच्या माणसांनी आठवड्याला सुमारे १५ तास, तीन महिने, गोधडीकाम आणि डिजिटल छायाचित्रण शिकलं. नुसत्या गप्पागोष्टी करणाऱ्या गटापेक्षा त्यांची प्रसंग लक्षात ठेवण्याची क्षमता सुधारली. पण जिने आयुष्यभर गोधड्या शिवल्या तिच्यासाठी गोधडी हा व्यायाम नाही, तिने मोडी लिपी शिकावी. पाढ्यांचंही तसंच. लहानपणी घटवलेली पावकी, निमकी, सवायकी, दिडकी धडाधड म्हणता येते, कारण ती जिभेवर बसलेली आहे. औटकी उलटी म्हणून पाहा: पस्तीस, साडेएकतीस, अठ्ठावीस, साडेचोवीस, एकवीस. इथे प्रत्येक पायरीला साडेतीन खरोखर वजा करावे लागतात आणि डोकं चालतं.

चालण्याचा पुरावा यांपेक्षा पक्का वाटतो. २०११मधल्या एका अमेरिकी प्रयोगात आठवड्यातून तीन दिवस ४० मिनिटं झपझप चालणाऱ्या ज्येष्ठांचा मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा स्मृतीचा भाग वर्षभरात सुमारे २ टक्के वाढला. नुसते अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांचा कमी झाला. धाप लागेल पण बोलता येईल, इतका वेग हवा. स्मरणशक्तीसाठी विकला जाणारा गिंको या झाडाच्या पानांचा अर्क घेऊन स्मृतिभ्रंश टळत नाही, हे २००८मधल्या मोठ्या चाचणीत दिसलं, आणि रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांना त्याने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो.

आता तो पाचवा प्रकार. वहीत दुसऱ्या शाईच्या नोंदी खूप आणि स्वतःच्या फारच थोड्या, असं दिसलं तर थांबू नये. आपण विसरतो हेच माणसाच्या लक्षात येत नसेल, तर ते विसरल्याची काळजी करणाऱ्यापेक्षा जास्त चिंतेचं आहे. दहा मिनिटांत तोच प्रश्न पुन्हा, ओळखीच्या गल्लीत वाट चुकणं, पैशांचे व्यवहार गडबडणं, रोजच्या आमटीत फोडणी आधी की डाळ आधी हा क्रम हरवणं, खूण देऊनही गोष्ट अजिबात न आठवणं, अशा नोंदी त्यात असतात. भारतात ६० वर्षांवरच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के असल्याचा राष्ट्रीय पातळीवरचा अंदाज २०२३मध्ये प्रसिद्ध झाला. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत अचानक गोंधळ उडाला तर मात्र वही बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठावं. लघवीचा संसर्ग, सोडियम घसरणं, साखर उतरणं, पक्षाघात, यांपैकी काहीही असू शकतं. पडल्यावर डोक्याला लागलेलं असेल तर मेंदूभोवती साचणारं रक्त काही आठवड्यांनीही त्रास देतं.

डॉक्टरांकडे जाताना विसरवही, घरातल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या एका पिशवीत (आयुर्वेदिक काढे आणि चूर्णंसुद्धा) आणि सोबत राहणारा माणूस न्यावा. मिनी-कॉग या छोट्या चाचणीत तीन शब्द सांगतात, घड्याळ काढून ११ वाजून १० मिनिटांचे काटे दाखवायला लावतात आणि मग ते तीन शब्द विचारतात. ५ पैकी ३ पेक्षा कमी गुण आले तर पुढची तपासणी करतात. तेवढ्यावरून निदान होत नाही. ही चाचणी घरी पुन्हापुन्हा घेऊ नये, शब्द पाठ होतात आणि दवाखान्यातला निकाल बिघडतो. चाचणी मराठीतच घ्यायला सांगावं, चष्मा आणि श्रवणयंत्र लावूनच बसावं, आणि शाळा कितवीपर्यंत झाली ते आधी सांगावं, कारण गुणांचा अर्थ त्यावर ठरतो. मुलगा-सुनेने आईच्या तोंडावर ‘हिला काही आठवत नाही’ म्हणू नये. त्यांचं म्हणणं आधीच कागदावर लिहून डॉक्टरांच्या हाती द्यावं. कुठे जायचं हेच कळत नसेल तर ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७ आणि मनाच्या तक्रारींसाठी टेलि-मानस १४४१६ या क्रमांकांवर विचारता येतं. फोन करताना वही उघडी ठेवावी, कारण कधीपासून आणि किती वेळा, हे तिथे आधी विचारतात.